पर्याय कलमात आहे, कचेरीत नाही

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोघांचा जीव घेतला. मोटार चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळाने ज्या अटींवर जामीन दिला, त्यांत ३०० शब्दांचा निबंध होता. तेव्हापासून ‘निबंध’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. तुरुंगाला पर्याय असा विषय कोणी काढला की लगेच प्रश्न येतो, ‘म्हणजे निबंध लिहून सुटायचं?’ समोरची बाजू मग माणुसकी, सुधारणा, दुसरी संधी असे शब्द घेऊन उभी राहते. तो निबंध शिक्षा नव्हताच, जामिनाची अट होती, हा साधा फरकही या गदारोळात वाहून गेला. आणि अटकेनंतर दोन आठवड्यांत परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर ठेवलेल्यांवर देखरेख करणारा) मुलाच्या परिस्थितीचा सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो, असं बाल न्याय कायदा सांगतो. त्या अहवालाबद्दल किती चर्चांमध्ये चकार शब्द निघाला? दोन्ही बाजू भांडत होत्या ते आरोपीला किती त्रास व्हायला हवा, यावर. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडे तुरुंगाचे पर्याय फसतात, त्यात कायद्याच्या मवाळपणाचा दोष थोडा. ते चालवायला पुरेसा माणूस नेमलेला नसतो आणि चालले की नाही हे मोजायलाही कोणी नसतं, हे खरं दुखणं. या मोजण्याचा विषय ज्यांचा, त्या समाजकार्याच्या संशोधकांच्या पदरातही यातला बराच दोष घालायला हवा.

कायदा नवा नाही. मुंबई प्रांताने परिवीक्षेचा स्वतःचा कायदा १९३८ मध्ये केला होता. देशभराचा अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ चा. त्याच्या कलम ३ नुसार किरकोळ चोरी-फसवणुकीसारख्या पहिल्या गुन्ह्यात समज देऊन सोडता येतं. कलम ४ नुसार, गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसेल तर दोषी ठरलेल्याला जास्तीत जास्त तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडता येतं, सोबत परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावता येते. कलम ५ मध्ये पीडिताला भरपाई देववण्याची सोय आहे. कलम ६ तर २१ वर्षांखालच्यांना तुरुंगात पाठवण्यावरच बंधन घालतं: आधी अहवाल मागवा, मग कारणं लिहा, मगच कैद. म्हणजे साठ-पासष्ट वर्षं जुना, बऱ्यापैकी नेटका कायदा हाताशी आहे. तरीही प्रत्येक नव्या वादात आपण जणू कोऱ्या पाटीवर लिहायला बसतो.

अडतं कुठे, ते जवळून बघायला हवं. सगळी इमारत एका कागदावर उभी आहे: परिवीक्षा अधिकाऱ्याचा गृहचौकशी अहवाल. नीट करायचा तर त्यात घरी निदान एक भेट, जमल्यास न सांगता दुसरी. आई-वडील किंवा जोडीदाराशी वेगळं बोलणं. शेजारी, मालक किंवा मुकादम, शाळा सुटली असेल तर ती कधी आणि का सुटली. दारू, कर्ज, आजारपण, आधीचे गुन्हे. आणि शेवटी, या माणसाला बाहेर ठेवायचं तर कोणत्या अटींवर, हे स्पष्ट शब्दांत. घाई केली तरी यात दोन पूर्ण दिवस जातात. महाराष्ट्रात हे काम महिला व बाल विकास विभागाकडे, तर तुरुंग आणि पोलीस गृह विभागाकडे. अधिकाऱ्याच्या टेबलावर बालगृहांची तपासणी, बाल न्याय मंडळाचे अहवाल, भिक्षेकरी गृहांची कामं असं सगळं एकत्र येऊन पडतं. मग अहवाल साच्यातून निघतो: ‘कौटुंबिक परिस्थिती हलाखीची, शेजाऱ्यांचे मत चांगले, वर्तणुकीत सुधारणेस वाव.’ नाव बदललं की पुढचा अहवाल तयार. न्यायाधीशालाही ते कळतं. चार अहवाल असे वाचले की पाचवा मागवून तारीख वाढवायची कशाला, असं त्याला वाटलं तर त्याला दोष देता येत नाही. तो एक तर देखरेखीशिवाय नुसत्या बाँडवर सोडतो, नाही तर सरळ कैद सुनावतो. पहिल्यात पर्याय नावापुरता, दुसऱ्यात नावालाही नाही.

हे दोन दिवस वाचवून काय मिळतं, याचं उत्तर या पद्धतीच्या जन्मातच आहे. १८४१ मध्ये बॉस्टनच्या कोर्टात जॉन ऑगस्टस नावाचा बूट शिवणारा माणूस एका दारुड्याचा जामीन राहिला आणि तीन आठवड्यांनी त्याला शुद्धीवर, धडधाकट परत घेऊन आला. पुढच्या सतराएक वर्षांत तो १९४६ जणांना जामीन राहिला. ही गोष्ट सहसा दयाळूपणाची म्हणून सांगितली जाते. मला त्यातली वही महत्त्वाची वाटते. तो सरसकट कोणालाही जामीन राहत नसे; आधी माणसाचं वय, स्वभाव, संगत यांची चौकशी करी, सोडवल्यावर काम आणि निवारा बघून देई, आणि नोंद ठेवी. कोणाला घेतलं, का घेतलं, पुढे काय झालं, हे लिहिलेलं होतं म्हणूनच त्याचं म्हणणं दुसऱ्याला तपासता आलं. मॅसॅच्युसेट्सने १८७८ मध्ये पगारी परिवीक्षा अधिकाऱ्याचा कायदा केला, त्याच्या मागे ही वही होती. आपण कायदा घेतला, वही घ्यायची राहिली.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यातली सगळ्यांत भक्कम हरकत अशी की पर्याय हा श्रीमंतांचा चोरदरवाजा होईल: चांगला वकील, चांगला पत्ता, चांगली शाळा असलेल्याला देखरेख आणि झोपडीतल्याला कोठडी. ही भीती खोटी नाही. पुण्याच्या प्रकरणातला संताप मुळात याच भीतीचा होता. पण हा पक्षपात आज नाही का? २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही. क्षमतेच्या १३१ टक्के गर्दी, आणि दर चारांत तीन जण निकालाची वाट बघणारे. यांतले कितीतरी जामीन मंजूर होऊनही आतच असतात, कारण जामीनदार हवा, त्याचं रेशनकार्ड हवं, तहसीलदाराचा ऐपतीचा (सॉल्व्हन्सी) दाखला हवा, आणि ऊसतोडीला किंवा नाक्यावर कामाला आलेल्या माणसाला या शहरात ओळखणारा कोणी नाही. १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला, तोही जामीनदार त्याच जिल्ह्यातला हवा म्हणून, आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्णा अय्यर यांनी त्यावर कोरडे ओढले. श्रीमंताचा चोरदरवाजा आहे तो इथे, आणि तो आजच्या व्यवस्थेचा आहे. लेखी निकष आणि स्वतंत्र अहवाल नसला की न्यायाधीशापुढे राहतो तो फक्त वकिलाचा आवाज. मग कोणाचा आवाज चढा असणार?

या प्रश्नाचं उत्तर प्रयोगाने शोधता येतं आणि शोधलंही गेलं आहे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये कायद्याचे विद्यार्थी अटकेतल्या माणसांशी बोलून त्यांच्या स्थानिक नात्यांना गुण देऊ लागले: इथे किती वर्षं राहतो, कोणासोबत, नोकरी किती काळाची, आधीचे गुन्हे किती. गुण पुरेसे भरले तर नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडण्याची शिफारस. या प्रयोगाचा प्राण त्याच्या दुसऱ्या गटात होता. तितक्याच पात्र ठरलेल्या काही जणांची शिफारस मुद्दाम कोर्टात पाठवलीच नाही आणि दोन्ही गटांचं पुढे काय झालं हे ताडून पाहिलं. शिफारस गेलेल्यांत कितीतरी जास्त माणसं सुटली, आणि तारखेला हजरही राहिली. पाच वर्षांत, १९६६ मध्ये, अमेरिकेचा संघराज्यीय जामीन कायदा बदलला. कच्च्या कैद्यांच्या हुसैनआरा खातून प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. भगवती यांनी या प्रयोगाचा दाखला दिला. आपण दाखला घेतला आणि प्रयोग न्यूयॉर्कलाच ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला पुन्हा सांगितलं की जामीन होऊनही सात दिवसांत कोणी सुटलं नाही, तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि सचिवांनी परिवीक्षा अधिकारी किंवा विधी स्वयंसेवकांकडून कैद्याच्या आर्थिक-सामाजिक परिस्थितीचा अहवाल घेऊन अट शिथिल करण्याची विनंती न्यायालयाला करावी. पुन्हा तोच अधिकारी, तेच टेबल.

दुसरी हरकत पीडिताची. ज्याच्या घरातलं माणूस गेलं किंवा ज्याची कमाई लुटली गेली, त्याला गुन्हेगाराच्या बालपणात रस का असावा? बरोबर आहे. परिवीक्षेवरच्या आपल्याकडच्या लिखाणात पीडित जवळजवळ नसतोच, ही त्या लिखाणाची लाज आहे. गृहचौकशी अहवालातही त्याला सहसा रकाना नसतो: नुकसान किती, भरून किती आलं, त्याला पुढे कशाची भीती वाटते, हे कोणी विचारत नाही, म्हणून कलम ५ ची भरपाई कागदावर राहते. पण तुरुंग तरी पीडिताला काय देतो? कैदी आत असताना कमवू शकत नाही, म्हणून देऊही शकत नाही. बाहेर ठेवलेल्या माणसाच्या मजुरीतून हप्त्याने भरपाई वळती करणं हे निदान हिशेबात बसतं. खून-बलात्काराच्या खटल्यांत हा युक्तिवाद चालवायचं कारण नाही. तिथे तुरुंग लागेल आणि तो असावा. पर्यायाची बाजू घेणाऱ्यांनी हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, तर अर्धं भांडण मिटेल.

तिसरी हरकत मी स्वतःच जोडतो, कारण ती सहसा कोणी घेत नाही: पर्याय म्हणजे आपोआप काही चांगलं, असं नसतं. ब्रिटिशांच्या फटक्यांच्या कायद्यात चोरीसारख्या गुन्ह्यांना इतर शिक्षेऐवजी फटके देण्याची तरतूद होती. तोही तुरुंगाला पर्यायच! १९५५ मध्ये तो रद्द झाला. त्याहून मोठं उदाहरण सोलापूरच्या सेटलमेंटचं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसं जन्मानेच गुन्हेगार ठरली, आणि पुढे त्यांना तारांच्या कुंपणात ठेवून गिरणीत कामाला लावलं, तेव्हा सरकार त्याला सुधारणाच म्हणत होतं. भिंती नव्हत्या. हजेरी होती, बाहेर जायला पास लागे, आणि मुदत नव्हती. तुरुंगाची शिक्षा संपते. सेटलमेंट १९५२ पर्यंत संपली नाही. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदाही त्याच वळणाचा: भीक मागितली म्हणून एक ते तीन वर्षं ‘संस्थेत’. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आपल्या हद्दीपुरता बराचसा मोडीत काढला. तेव्हा पर्यायाला तीन कुंपणं हवीत. मुदत आधीच ठरलेली हवी. त्याच गुन्ह्याच्या कैदेपेक्षा तो जड नको. आणि देखरेख करणाऱ्याविरुद्ध तक्रार करायला जागा हवी.

ही कसोटी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतल्या ‘सामुदायिक सेवे’ला लावून पाहा. ही शिक्षा सहा गुन्ह्यांना ठेवली आहे. त्यांत बदनामी, सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन केलेला धिंगाणा आणि ५,००० रुपयांच्या आतली पहिली चोरी आहे. दारूच्या धिंगाण्याला २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सामुदायिक सेवा. सेवा किती तासांची? कलमात नाही. २४ तासांच्या कैदेऐवजी महिनाभर रोज झाडू मारायला लावलं, तर जड काय झालं? इंग्लंडने १९७२ च्या कायद्यात ही शिक्षा आणली तेव्हा किमान ४० आणि कमाल २४० तास ठरवले, ते बारा महिन्यांत पुरे करायचे होते, आणि आधी सहाच भागांत चालवून पाहिलं. तरीही सुरुवातीच्या अभ्यासांतून दिसलं ते असं की आदेश मिळालेल्यांपैकी जेमतेम निम्मेच खरोखर तुरुंगातून वाचलेले होते. उरलेल्यांना एरवी याहून हलकं काही मिळालं असतं. जाळं माशांसाठी टाकलं आणि पाण्यातलं सगळंच वर आलं. आपल्याकडच्या चोरीच्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अपवादात) आणखी एक गाठ आहे. सेवेची शिक्षा मिळण्यासाठी चोरलेली वस्तू किंवा तिची किंमत परत करावी लागते. ज्याने सायकल चोरून घरात ठेवली तो ती आणून देईल. ज्याने मोबाइल विकून औषधं आणली तो काय परत करणार?

आणि काम कोणतं द्यायचं? पहिली कल्पना नेहमी झाडलोटीची आणि संडास धुण्याची. ज्या समाजात ही कामं पिढ्यान्पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारली गेली, तिथे न्यायालयाने ती ‘शिक्षा’ म्हणून दिली, तर रोज पहाटे तेच काम पोटासाठी करणाऱ्या बाईला आपण काय सांगतो आहोत? वर तिच्या कंत्राटी हजेरीवर फुकटचा माणूस येतो तो वेगळाच. रोपवाटिका, ग्रंथालयातली पुस्तकं बांधणं, रक्तपेढीतली नोंदणी अशी कामं निघतात, पण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी सांगणारा, हत्यार देणारा, तास मोजणारा लागतो. इजा झाली तर खर्च कोणाचा, हेही आधी लिहून ठेवावं लागतं.

इथे संशोधकाकडे यायचं. समाजकार्यात तुरुंग आणि त्याचे पर्याय यांवर आयुष्य काढणं ही चैन आहे, असं म्हणणारे आहेत. शिवाय ‘हे लोक गुन्हेगारांचे वकील’ असा शेराही आहेच. शेऱ्यात तथ्य आहे, कारण आपल्याकडचे बरेच अभ्यास यशोगाथांचे असतात. परिवीक्षेवर सुटलेल्यांपैकी जे सापडले, बोलायला तयार झाले, त्यांना विचारायचं आणि ‘परिवीक्षा यशस्वी’ असं लिहायचं. जे सापडत नाहीत, त्यांच्यातच तर उत्तर असतं. शिवाय न्यायाधीश परिवीक्षा देतो तीच मुळात बऱ्या वाटणाऱ्या माणसाला. तो नंतर बरा वागला, तर श्रेय देखरेखीचं की निवडीचं? हे सोडवायला तुलनेचा गट लागतो आणि गटाला आकार. समजा कैदेनंतर १०० पैकी ३० जण पुन्हा दोषी ठरतात आणि देखरेखीनंतर २०. हा फरक योगायोगाचा नाही हे रूढ संख्याशास्त्रीय कसोट्यांवर खात्रीने सांगायचं, तर प्रत्येक गटात सुमारे ३०० माणसं हवीत. पत्ते बदलतात, माणसं गावाला जातात, म्हणून सुरुवात ४०० ने करायची. निवड करायला एक वर्ष, त्यानंतर प्रत्येकावर दोन वर्षं नजर. पीएचडीला आज मुदत तीन ते सहा वर्षांची. त्यात विषयमंजुरी, नीतिसमिती, कारागृह व सुधारसेवा विभागाची परवानगी. म्हणून विद्यार्थी करतो ते शक्य तेवढंच: एका तुरुंगात शंभर मुलाखती आणि शेवटी ‘समुपदेशनाची गरज आहे’. त्याचं चुकलं असं नाही, त्याच्या हातात मोजपट्टीच छोटी दिली होती.

मुलाखतीही कशा होतात? तुरुंगाच्या कार्यालयात, शिपाई दाराशी, संमतीच्या कागदावर सही. कैद्याला तो कागद जबाबासारखा दिसतो, आणि नाही म्हटलं तर घरच्यांच्या भेटीचा वार जाईल का, अशी धाकधूक. म्हणून जाणता संशोधक तीन पथ्यं पाळतो. कच्च्या कैद्याला ‘गुन्हा केलास का’ असं विचारत नाही, कारण वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे ते संशोधकाच्या वहीला नाही. नावांची यादी आणि उत्तरांची वही वेगवेगळ्या कुलपात ठेवतो. आणि कोणाला मदत हवी असेल, तर ती उत्तरांशी न जोडता दुसऱ्या माणसाकडे सोपवतो. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून याच धर्तीवर उभा आहे: प्रशिक्षित समाजकार्यकर्ते तुरुंगात आणि न्यायालयात बसवायचे, आधी काम करायचं, मग लिहायचं. त्यातून कळतं ते प्रश्नावलीतून कळत नाही. पण प्राध्यापकाच्या बढतीच्या गुणपत्रकात शोधनिबंधाला जे वजन आहे, ते कोर्टाच्या आवारात काढलेल्या वर्षांना नाही. मग कोण कशाला तिथे बसेल?

एका जिल्ह्यापासून सुरुवात करता येईल. फक्त याच कामासाठी चार अधिकारी, एका विद्यापीठ विभागाशी करार, तीन वर्षं. नोंदवही साधी, पण कोणत्याही प्रकरणात एकही रकाना रिकामा न सोडलेली. आदेशाची तारीख आणि कलम. अहवाल मागवला की नाही, किती दिवसांत आला. हा आदेश नसता तर न्यायालयाने काय दिलं असतं, हे न्यायाधीशाच्या स्वतःच्या शब्दांत एका ओळीत. काम किंवा अट कोणती, तास किती, पुरे झाले किती. पीडिताला किती मिळाले. सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी नवा गुन्हा नोंदला का, आणि तो शाबीत झाला का, हे दोन वेगळे रकाने. सापडला नसेल तर ‘सापडला नाही’ असं स्पष्ट, मोकळी जागा नको. आणि शेवटचा रकाना: हजेरीवर सही कोणाची, आणि ती त्या दिवशीच केली की महिनाअखेर एकदम.